सासवडजवळ खडकाळ उतार आहे, आठवड्यातून एकदाच जाणं होतं. काय लावू?

शनिवारचा_माळी

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर सासवडच्या पुढे छोटं घर बांधलं. पायासाठी जेसीबी लावला तर वर फूटभर मुरूम आणि खाली नुसता काळा कातळ. ब्रेकरने फोडलेले दगड घरासमोरच्या उतारावर तसेच पडलेत. काही तर चौघांनाही हलत नाहीत. उचलून न्यायचा ट्रॅक्टरवाल्याचा भाव ऐकला आणि ठरवलं, दगड इथंच राहतील, बाग त्यांच्यात होईल.

जागा साधारण २० बाय १२ फूट, तोंड पश्चिमेला, दुपारनंतर भट्टी. गेल्या फेब्रुवारीत हौसेने इचेव्हेरियाची १४ रोपं आणली, गुलाबी-जांभळी, अगदी दागिन्यासारखी. 'पाणी लागत नाही, कुठंही जगतात' असं सांगून दिली होती. मे महिना हिरव्या जाळीखाली छान काढला त्यांनी. ऑगस्टमध्ये मात्र हात लावला की पान हातात, खाली पिचपिचीत चिखल. तीन उरलीत, तीही पोर्चच्या पत्र्याखाली होती म्हणून.

अडचणी अशा: आम्ही फक्त शनिवारी जातो. बोअरला एप्रिल-मेमध्ये जेमतेम प्यायचं पाणी. संध्याकाळी समोरून शेळ्या जातात आणि कुंपण अजून व्हायचंय. नातू दीड वर्षाचा आहे, जे दिसेल ते तोंडात घालतो, म्हणून सौ.ची सूचना आहे की काटेरी आणि विषारी काही नको. शिवाय दगड म्हटले की तिला साप दिसतात.

एवढं सगळं सांभाळून काही जगेल का?

पत्र्यावरची_बाग

काका, प्लास्टिकची फुलं. शेळ्यांचा भरवसा मात्र देता येत नाही.

वाईची_माहेरवाशीण

आमच्या शेतघरासमोर असाच दगडांचा ढिगारा होता. सहा पावसाळे झाले, त्यातले पहिले दोन तुमच्यासारखेच गेले.

इचेव्हेरिया मुळात मेक्सिकोकडची. उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून आपण तिची काळजी करतो, पण ती मरते जुलैत. आठ-आठ दिवस ऊन नाही, मुळाशी सतत ओल, मग कुजणारच. आपल्याकडच्या दगडी बागेची परीक्षा पावसाळ्यात असते. त्यामुळे रोप घेताना 'पाणी किती लागतं' याबरोबर 'पावसात उघड्यावर राहतं का' हेही विचारा.

झाडांआधी जागा बघा. तिथं हरळी आणि लव्हाळा आहे का? असेल तर आत्ता एकही दगड रचू नका. मी रचले होते. लव्हाळ्याची गाठ दगडाखाली राहिली की वरून किती उपटा, पुन्हा येतो. शेवटी अख्खी रचना उचलून पुन्हा केली, दोन गडी आणि तीन दिवस. मे महिन्यात जमीन खणून गाठी वेचा, उन्हात तापू द्या, मग पुढचं.

दगड नुसते ठेवायचे नाहीत, तिसरा हिस्सा जमिनीत गाडायचा आणि मागच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा, म्हणजे थोडंफार पाणी मुळांकडे जातं आणि दगड डगमगत नाही. मोकळ्या फटी मुरूम ठोकून भरा. हे ताईंच्या सापांसाठी. पोकळी राहिली की आधी उंदीर, मग त्यांच्यामागून पाहुणे. तुमच्या माळरानावर फुरसंही असू शकतं, तेव्हा दगडाखाली कधीही हात घालू नका, खुरप्यानेच काम करा.

माती म्हणाल तर निम्मा चाळलेला मुरूम, उरलेल्यात बारीक खडी आणि पोयटा, आणि शेणखत अगदी मूठभर. कोकोपीट नको, ते पावसात स्पंजासारखं पाणी धरून बसतं.

आता नातू आणि शेळ्या. काका, यात एक गोची आहे. जी झाडं शेळी सोडते त्यातली बरीचशी माणसानेही तोंडात घालू नयेत अशीच असतात. म्हणून मी उंचीने वाटणी करीन. पायरीजवळ, मुलाचा हात पोचेल तिथं ऑफिस टाइम आणि गवती चहा. ऑफिस टाइमची काडी खोचली तरी लागते, सकाळी दहाला उमलते नि दुपारी मिटते. अर्थात तुम्ही शनिवारी दुपारी पोचत असाल तर फुलं बघायला राहावं लागेल.

मधल्या पट्ट्यात कोरांटी. माझ्या मते आपल्या मुरमाड जागेसाठी हिच्याइतकं गुणी झुडूप नाही. पहिलं वर्ष जपलं की उन्हाळ्यात नुसती टिकून राहते आणि दिवाळीनंतर फुलते. पिवळीला काटे असतात, तुम्ही जांभळी किंवा पांढरी घ्या. शेळ्यांनी शेंडे खुडले तरी फुटते, पण आधी चार बाभळीच्या फांद्या आडव्या टाकाच.

वरच्या टोकाला, दगडांच्या मागे सदाफुली आणि अडेनियम. दोन्ही विषारी, दोन्हींना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. अडेनियम उंचवट्यावरच लावा, त्याचा फुगलेला बुंधा मातीत पुरू नका. उताराच्या अगदी कडेला धायटी शोभेल. आपल्या टेकड्यांवर उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी भरलेली दिसते ना, तीच.

कळलावी माझी सगळ्यांत लाडकी. पावसाळ्यात वर येते, फुलते, नंतर कंद जमिनीत झोपतो, उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्नच नाही. पण तिचा कंद भयंकर विषारी. नातू शाळेत जायला लागेपर्यंत थांबा.

कातळशिल्पी

शेर लावा की! पेन्सिलीसारख्या काड्या, पाणी शून्य, शेळी फिरकत नाही.

वाईची_माहेरवाशीण

दादा, नको. छाटताना शेराचा चीक माझ्या दिरांच्या डोळ्यात उडाला होता. दोन दिवस डोळा उघडत नव्हता, दवाखान्यात धुवून घ्यावा लागला. घरापासून लांब बांधाला ठीक, दीड वर्षाच्या पोराच्या अंगणात नाही.

रत्नागिरीकर_०८

आमच्याकडे जांभा आणि धो धो पाऊस, त्यामुळे अडेनियम वगैरे विसरा. मी काहीच लावलं नाही. जांभ्याच्या खाचांत तेरडा आपोआप उगवला, बी उडून दरवर्षी येतो. पावसाळ्यानंतर बाग तपकिरी होते, ती तशीच ठेवतो. काका, थोडी जागा अशी मोकळी सोडून बघा.

एक विनंती, कासला जाऊन कंद उपटून आणू नका. मागच्या वर्षी एका गृहस्थांच्या पिशवीत बघितले. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे हे बाजूलाच ठेवा, खाली आणलेले ते कंद तसेही जगत नाहीत.

शनिवारचा_माळी

सगळ्यांचे आभार. काल जाऊन खणून बघितलं. लव्हाळा आहे, भरपूर आहे. एका हातभर जागेत ३७ गाठी निघाल्या, सौ.ने मोजल्या. म्हणजे या वर्षी दगड जागचे हलत नाहीत.

वाईच्या ताई, पांढऱ्या कोरांटीच्या फांद्या छाटणीच्या वेळी फेकू नका. जूनमध्ये तिकडून जाणार आहे, येताना पिशवी घेऊन येतो. उरलेल्या तीन इचेव्हेरिया बदल्यात देऊ का?

वाईची_माहेरवाशीण

फांद्या ठेवते. त्या तिघी तुमच्या पत्र्याखालीच सुखात राहू द्या.