टाइमलाइनवर आवाज मागे पडत जातोय, आणि एक तुकडा काढला की बाकीचं विस्कटतंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

व्हिडिओ एडिटिंग नुकतंच शिकायला घेतलं आहे. एका व्याख्यानाचं चित्रण हातात आहे, साधारण ४० मिनिटांचं. चित्र फोनवर घेतलंय, ४के, सेकंदाला ३० फ्रेमवर. आवाज दोन ठिकाणी आहे: फोनचा स्वतःचा, आणि वक्त्याच्या कॉलरला लावलेल्या माइकचा, जो वेगळ्या रेकॉर्डरवर गेला. अडचणी अशा:

सुरुवातीला टाळी जुळवून दोन्ही आवाज नीट बसवले. पहिली दहा-पंधरा मिनिटं ओठ आणि शब्द बरोबर जातात. मग आवाज मागे पडू लागतो आणि शेवटाला चारेक सेकंदांचा फरक पडतो. मधल्या भागात स्लाइड दाखवायला सभागृहातले दिवे मंद केले होते, तिथे हा फरक भराभर वाढतो. गंमत म्हणजे फोनचा स्वतःचा आवाजसुद्धा टाइमलाइनवर असाच मागे पडतो, पण तीच फाइल साध्या प्लेअरमध्ये लावली तर शेवटपर्यंत चोख चालते. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, कारण दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये करून पाहिलं, दोन्हीकडे तेच.

दुसरं, मधला खोकल्याचा तुकडा काढला की पुढच्या क्लिप मागे सरकून जागा भरतात, ते हवंच आहे. पण नावांच्या पट्ट्या आणि पार्श्वसंगीत जिथल्या तिथे राहतं. चुकून काही हलू नये म्हणून ते ट्रॅक कुलूपबंद केले आहेत.

तिसरं, दोन-तीन कटवर क्षणभर काळं चमकतं. चौथं, प्लेबॅक फार अडखळतो. प्लेहेड (टाइमलाइनवर आपण कुठे आहोत ते दाखवणारी रेघ) थोडा मागे नेला की चित्र गोठतं आणि काही वेळाने उडी मारून पुढे जातं.

वक्त्यांचं वय बरंच आहे आणि हे व्याख्यान पुन्हा होणार नाही, म्हणून ते नीट व्हावं अशी फार इच्छा आहे. बरेच कट आधीच करून झालेत. ते न घालवता काही करता येईल का?

प्रतिसाद १

तुम्ही फार उपयोगाची माहिती दिली आहे. प्लेअरमध्ये बरोबर आणि दोन्ही एडिटरमध्ये चूक, म्हणजे टाइमलाइनला दोष देण्यात अर्थ नाही. फाइलकडे बघा.

अशा वेळी पहिला प्रश्न हा विचारायचा की फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा आहे की वाढत जातो. सारखा असेल तर क्लिप चुकीच्या जागी बसली आहे, काही फ्रेम सरकवली की काम झालं. वाढत असेल तर कितीही सरकवा, एका जागी जुळेल आणि दुसऱ्या जागी सुटेल. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे.

वाढत्या फरकात बरेच जण लगेच ३० आणि २९.९७ या फ्रेम रेटवर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम यावर, बोट ठेवतात. २९.९७ म्हणजे नेमके ३०००० भागिले १००१. १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हापासूनचा हा आकडा. या दोहोंच्या गोंधळामुळे हजारात एक इतका फरक पडतो, म्हणजे तासाला ३.६ सेकंद आणि ४० मिनिटांना २.४. तुमच्याकडे चार आहेत. शिवाय तो फरक एकसारखा वाढला असता, दिवे मंद झाल्यावर भराभर वाढला नसता.

माझा संशय व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या, फ्रेम रेटवर आहे. फोन ३० म्हणतो, पण दर सेकंदाला बरोबर ३० फ्रेम लिहीलच असं नाही. उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घेतो आणि फ्रेम कमी पडतात. प्रत्येक फ्रेम कधी दाखवायची याची वेळ फाइलमध्ये लिहिलेली असते. प्लेअर ती वाचतो, म्हणून तिथे सगळं जुळतं. काही एडिटर मात्र सगळ्या फ्रेम समान अंतराने मांडतात. ४० मिनिटांना ७२,००० फ्रेम हव्यात; १२० कमी असल्या तर चित्र चार सेकंद आधी संपतं आणि आवाज मागे पडल्यासारखा वाटतो. तुमचा आकडा बसतो.

खात्री करायला मीडियाइन्फो हे मोफत साधन घ्या, त्यात मूळ फाइल उघडा आणि व्हिडिओच्या भागात ‘फ्रेम रेट मोड’ काय लिहिलंय ते इथे सांगा. तोवर एकही कट करू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. पाहिलं. फ्रेम रेट मोड ‘व्हेरिएबल’ आहे. फ्रेम रेट २९.९५, त्याखाली किमान १४ च्या आसपास आणि कमाल ३० च्या किंचित वर. आता पुढे काय करू?

प्रतिसाद १

मग निदान पक्कं. फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. त्यासाठी हँडब्रेक हे साधन मोफत आहे. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० निवडा आणि त्याच्याजवळचा ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ हा पर्याय लावा. दर्जाचा आकडा, ज्याला तिथे आरएफ म्हणतात, जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. पुढे पुन्हा एक्स्पोर्ट होणारच आहे, तेव्हा १६ ते १८ ठेवा.

एक गोष्ट जपून: १०८०पी असं नाव असलेला प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, निवडलेला राहिला तर तुमचं ४के चित्र लहान होऊन बाहेर येईल. सुरू करण्याआधी रिझोल्यूशनची मर्यादा तपासा. आधी अंधाऱ्या भागातली पाचेक मिनिटंच बदलून टाइमलाइनवर पाहा, पटलं तर पूर्ण फाइल लावा. आणि मूळ फाइल कदापि पुसू नका.

झालेल्या कटचं विचाराल, तर खरं सांगतो: नवी फाइल जुन्याच्या जागी जोडता येते, पण कट फ्रेमच्या क्रमांकावर बसलेले असतात आणि आता क्रमांकच बदलले. सुरुवातीचे कट जवळपास बरोबर राहतील, शेवटचे चार सेकंदांपर्यंत चुकतील. मी असतो तर जुन्या टाइमलाइनची प्रत ठेवली असती आणि ती समोर ठेवून नव्याने कट केले असते. कुठे काय काढायचं हे ठरलेलं असल्यामुळे दुसऱ्यांदा वेळ कमी लागतो.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर आहे. मी उरलेल्या तीन अडचणींबद्दल लिहितो.

पट्ट्या आणि संगीत जागेवर राहतं ते कुलपामुळेच. कुलूप लावलेला ट्रॅक कशानेही हलत नाही, त्यात रिपलही आलं, म्हणजे तुकडा काढल्यावर पुढच्या क्लिपचं मागे सरकणं. खालचं सगळं मागे येतं आणि पट्टी मात्र भलत्याच वाक्यावर उभी राहते. कुलूप काढा. मग प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ट्रॅकच्या डोक्याशी ‘सिंक लॉक’ची खूण असते, दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑटो ट्रॅक सिलेक्टर’ असतो; रिपलसोबत कोणते ट्रॅक सरकतील ते यावरून ठरतं. पट्ट्यांसाठी ते चालू ठेवा. संगीताचं वेगळं आहे. ते शब्दाशी बांधलेलं नसतं आणि रिपलने मध्येच कापलं गेलं तर कानाला खटकतं. म्हणून माझं मत असं की बोलण्याचे सगळे कट पक्के होईपर्यंत संगीत टाइमलाइनवर आणूच नये.

रिझॉल्व्हच्या एडिट पेजवर बॅकस्पेस दाबलं तर तुकडा जातो आणि जागा रिकामी राहते. डिलीट दाबलं तर पुढच्या क्लिप मागे सरकून जागा भरते. दोन्ही कळा शेजारी असल्या तरी काम अगदी वेगळं आहे, हे सुरुवातीला कोणी सांगत नाही.

काळं चमकतं तिथे बहुधा एका फ्रेमची फट आहे. नेहमीच्या झूमला ती दिसत नाही. प्लेहेड कटवर आणा, टाइमलाइन पूर्ण मोठी करा आणि बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जा. दोन क्लिपच्या मध्ये काळी चीर दिसली की तिच्यावर क्लिक करून रिपल डिलीट. फटी पुष्कळ असतील तर रिझॉल्व्हच्या एडिट मेनूत ‘डिलीट गॅप्स’ आहे, प्रीमियरच्या सीक्वेन्स मेनूत पुढच्या फटीवर नेणारा पर्याय आहे. क्लिप हाताने ओढताना स्नॅपिंग (क्लिप आपोआप शेजारच्या टोकाला चिकटणं) बंद राहिलं की अशा फटी पडतात, तेव्हा ते चालू ठेवा.

अडखळण्याचं कारण फाइलच्या बांधणीत आहे. फोनच्या एच.२६४ किंवा एच.२६५ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. एक पूर्ण चित्र, मग पुढच्या फ्रेममध्ये फक्त बदल. प्लेहेड मागे नेला की संगणकाला आधीच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथून सगळं पुन्हा जुळवत यावं लागतं. पाहण्यासाठी आणि पाठवण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, एडिटिंगला जड जाते. उपाय प्रॉक्सी. सॉफ्टवेअर मूळ फाइलची लहान, सोपी प्रत बनवतं, तुम्ही तिच्यावर काम करता आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फाइल वापरली जाते. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून प्रॉक्सीला ते चांगले. प्रॉक्सी नेहमी नव्या, स्थिर फ्रेम रेटच्या फाइलवरून बनवा. एक्स्पोर्ट करताना मात्र प्रॉक्सी वापरायचा पर्याय बंद आहे ना, ते पाहा.

धागाकर्ती

दोघांचे खूप खूप आभार. आधी अंधारातला तुकडा बदलून पाहिला, मग पूर्ण फाइल. फोनचा आवाज आता शेवटच्या वाक्यापर्यंत ओठांशी जुळतो. फटी मिळाल्या, एकेका फ्रेमच्याच होत्या. प्रॉक्सीवर प्लेबॅकही सुरळीत आहे.

एकच राहिलं. कॉलरच्या माइकचा आवाज शेवटाला अजून साधारण तीन फ्रेम पुढे जातो. हा कशाने?

प्रतिसाद १

वा, छान झालं! तीन फ्रेमचं कारण वेगळं आहे. फोन आणि रेकॉर्डर यांची घड्याळं स्वतंत्र चालतात आणि कोणतीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. ४० मिनिटांत दशांश सेकंद म्हणजे लाखात चार भाग, इतकं होतंच. फाइल पुन्हा बदलायची गरज नाही.

व्याख्यान असल्यामुळे तुमचं काम सोपं आहे. वक्ता थांबतो तिथे, साधारण दर दहा मिनिटांनी, फक्त माइकच्या आवाजाला कट द्या आणि पुढचा भाग एक फ्रेम सरकवा. फोनचा आवाज खालच्या ट्रॅकवर ठेवून दोन्हींच्या लहरी डोळ्यांनी जुळवा. ‘प’, ‘ट’, ‘क’ अशा अक्षरांचे टोकदार उंचवटे पटकन सापडतात. सांधा ऐकू येऊ नये म्हणून तिथे दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरत दुसरा चढतो. सगळं जुळलं की फोनचा ट्रॅक म्यूट करा, पुसू नका. एक्स्पोर्टचा फ्रेम रेट ३० च ठेवा, म्हणजे जो टाइमलाइनचा आहे तोच.