प्रति: वेदना मोजणारं अ‍ॅप सिस्टरच्या काय कामाचं?

वर कुणीतरी विचारलंय, किती दुखतंय याचा पेशंटने सांगितलेला ० ते १० चा आकडा कागदावरही लिहिता येतो, मग अ‍ॅप कशाला? लिहिता येतो हो. राहून जातं ते औषधानंतर परत जाऊन, आता किती दुखतंय, हे विचारणं. शिरेतून औषध दिलं की १५ ते ३० मिनिटांनी, गोळी दिली की तासाभराने. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला सर्जिकल वॉर्डात रात्रपाळी करते मी. ऑपरेशन थिएटरमधून पेशंट वर आला आणि तेवढ्यात दोन सलाईन संपली, की ती वेळ टळलीच. तिथे फोनचा गजर खरंच उपयोगी.

दुसरं, डोसांची बेरीज. पॅरासिटामॉलचं १ ग्रॅमचं इंजेक्शन दिवसातून चार वेळा म्हणजे मोठ्या माणसाची ४ ग्रॅमची कमाल मर्यादा तिथेच भरली. वर ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची दोन औषधं एकत्र असलेली गोळी लिहिलेली असते, तिच्यातही बहुतेकदा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच! ब्रँड न बघता घटक मोजणारं अ‍ॅप असेल तर मला हवंय.

पण नुसत्या आकड्यावरून 'पुढचा डोस द्या' सुचवणारं नको. मॉर्फिनवरचा पेशंट ८ सांगतो आणि सांगता सांगता पेंगतो, श्वास मंदावलेला, तेव्हा डोस थांबवून डॉक्टरांना हाक मारायची असते. गुंगी आणि श्वास आधी विचारला पाहिजे. शिवाय पोटाच्या ऑपरेशननंतर पडून असताना ३ सांगणाऱ्या आजी खोकताना कळवळतात, त्यासाठी वेगळा रकाना लागेल. 'दहा काय नि वीस काय, दुखतंय गं बाई' म्हणणाऱ्यांसाठी बोट दाखवायला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं.

आणि फोन वॉर्डाचा हवा, आमचा स्वतःचा नाही.