पवित्रा बदलणारं पात्र शिकताना आधी काय: दहा मूव्ह की पाय?

निशाचर

गेले पाच महिने टेकन ८ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये ह्वारांग हे पात्र शिकतोय. सुरुवातीला ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, "दहा मूव्ह पाठ कर, स्टान्सचं (पवित्र्याचं) नंतर बघू." काझुयासारख्या पात्राला हा सल्ला चालतो. ह्वारांगला तो उलटा पडतो, असं माझं ठाम मत झालंय. धागा त्यासाठीच काढला.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेकनमध्ये चार बटणं, चार हातपाय: १ डावा हात, २ उजवा हात, ३ डावा पाय, ४ उजवा पाय. ह्वारांग तायक्वांदोवाला. त्याचे चार पवित्रे: डावा पाय पुढे, उजवा पाय पुढे, आणि एक पाय उचलून उभं राहायचे दोन, डावा फ्लेमिंगो आणि उजवा फ्लेमिंगो. ३+४ एकत्र दाबलं की पुढचा पाय बदलतो. काही लाथांच्या शेवटीही तो आपोआप बदलतो, किंवा पाय वरच राहतो. आणि पाय बदलला की त्याच बटणातून वेगळी लाथ निघते.

सगळी गोम इथेच आहे. मी दहा मूव्ह पाठ केले, प्रॅक्टिस मोडमध्ये डोळे मिटून मारायला लागलो आणि खऱ्या मॅचमध्ये दहातले सहा निघेनात. हात बरोबर जात होते, पाय चुकीचा पुढे होता. एक मॅच अजून डोळ्यांसमोर आहे. दोघांच्या दोन-दोन राउंड, समोरच्याचं रक्त बोटभर उरलेलं. मला हवी होती ती लाथ डावा पाय पुढे असतानाची. त्याआधीची स्ट्रिंग (एकामागून एक येणारे ठरलेले वार) मला उजव्यावर सोडून गेली होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं. भलतीच लाथ निघाली, हवेत गेली, त्याने उचललं आणि खेळ संपला.

त्यानंतर मी पंधरा दिवस एकही नवीन मूव्ह शिकलो नाही. टीव्हीच्या खालच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली, त्यावर फक्त "पाय?" लिहिलं. प्रत्येक स्ट्रिंग मारली की तोंडाने मोठ्याने म्हणायचं, "डावा", "उजवा", "वर". चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. मग प्रत्येक पवित्र्यातून तीनच गोष्टी ठरवल्या: एक मधला वार, एक खालचा वार आणि एक बाहेर पडायची वाट. चार त्रिक बारा. माझे मुख्य मूव्ह एवढेच, आणि ते मूव्हलिस्टमधून निवडलेले नाहीत, "मी आत्ता कुठे उभा आहे" यावरून निवडलेले आहेत.

म्हणून म्हणतो, आधी पाय, मग मूव्ह. पटत नसेल तर सांगा.

मधली_लाथ

नाही पटत. आणि तुमची मेहनत दिसतेय म्हणूनच सविस्तर लिहितो.

तुम्ही "मी कुठे उभा आहे" यावर पंधरा दिवस घातलेत. "समोरच्याने काय मारलं" यावर किती घातलेत? खालच्या आणि मधल्या रँकमध्ये माणूस हरतो तो स्टान्स चुकल्याने नाही, समोरच्याचा वार अडवल्यावर लगेच उलटा वार, म्हणजे शिक्षा, न दिल्याने. समोरच्याने उडी मारून लाथ घातली, तुम्ही अडवली, आता तो इतका उशिरा सावरतो की तुमचा दहा फ्रेमचा जॅब (साधा झटपट ठोसा) बसायलाच हवा. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे दहा फ्रेम हा सेकंदाचा सहावा भाग. त्या वेळात "आता पाय कुठला?" हा विचार मनात आला तरी संधी गेली. खालची झाडू लाथ अडवली की बसल्या जागेवरून उठताना ४. बहुतेक पात्रांची ही लाथ अकरा फ्रेमची असते. हे हातात बसलं नसेल तर चार पवित्रे काय कामाचे?

माझा सल्ला तोच जुना. पहिला महिना ह्वारांगला एकच पाय आहे असं समजा, डावा पुढे. जॅब, एक मधला वार, एक खालचा, एक उचलणारा (समोरच्याला हवेत उडवणारा), दोन शिक्षा. फ्लेमिंगो अस्तित्वातच नाही. गार्ड, म्हणजे वार अडवणं, पक्का झाला की उजवा पाय उघडा. फ्लेमिंगोत तुम्हाला गार्डच करता येत नाही. ज्याला गार्ड करायची सवयच लागलेली नाही त्याने गार्ड नसलेल्या पवित्र्यात का शिरावं?

घाटमाथा

निशाचर +१. पट्टीची कल्पना आजच करून बघतो.

निशाचर

@मधली_लाथ, शिक्षेचा मुद्दा मान्य. पण "एकच पाय समजा" हे ह्वारांगला शक्यच नाही. त्याच्या कामाच्या कितीतरी स्ट्रिंग त्याला दुसऱ्या पायावर किंवा फ्लेमिंगोत नेऊन सोडतात. फ्लेमिंगो टाळायचा म्हटलं तर त्या स्ट्रिंग टाळाव्या लागतात. मग उरतो तो ह्वारांग नव्हे, एक कमकुवत सर्वसाधारण पात्र. तसंच खेळायचं असेल तर दुसरं कुणीतरी घ्यावं.

मधली_लाथ

पहिले दोन महिने दुसरं कुणीतरी घ्या, हेच तर मी सांगतोय. लाहोरच्या अर्सलान अॅशने २०१९ मध्ये आधी इव्हो जपान आणि मग लास वेगासची इव्हो (फायटिंग गेमची मोठी स्पर्धा) जिंकली, ती मुख्यतः काझुमी हे पात्र घेऊन. त्यात पवित्र्यांची जादू नव्हती. अंतर राखणं, अडवणं आणि समोरचा चुकला की त्याच क्षणी मारणं, एवढंच होतं.

जुनी_पार्लर

आमच्या पिढीचं एक सांगू का? टेकन ३ आलं तेव्हा आम्ही शाळेत होतो. तासाच्या भावाने व्हिडिओ गेम पार्लर, चार टीव्ही, आणि प्रत्येक टीव्हीवर कुणीतरी एडी गोर्डो घेऊन नुसत्या लाथा दाबत बसलेलं. एडी कापोएरावाला. हातांवर उभा राहतो, जमिनीवर लोळतो, तिथूनही मारतो. तेही स्टान्सचंच पात्र, फक्त आम्हाला स्टान्स हा शब्द माहीत नव्हता.

जिंकायचो खूप. का, तर समोरच्याला कळायचंच नाही की आता वार वरून येणार का खालून. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतला एक मुलगा मामाच्या घरी प्लेस्टेशनवर खेळून आला. त्याला कळलं होतं की एडी हातांवर गेला की घाबरून गार्ड धरायचा नाही, साधा ठोसा टाकायचा. सुट्टी संपेपर्यंत आमच्यापैकी एकही एडी त्याला हरवू शकला नाही. आम्हाला मूव्ह भरपूर येत होते. हातांवरून परत पायांवर कधी यायचं हे एकालाही येत नव्हतं.

त्यामुळे निशाचर यांच्या यादीतली तिसरी गोष्ट, बाहेर पडायची वाट, ही मी पहिली ठेवेन. बाकी दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतंय.

प्रशिक्षक_सातारा

मी गेम फार खेळत नाही. मुलगा खेळतो, त्याने धागा दाखवला. पण तायक्वांदो अठरा वर्षं शिकवतोय, म्हणून लिहावंसं वाटलं.

आपल्याकडे कुस्तीत आणि लाठीकाठीत जो पवित्रा म्हणतात, तोच हा. ह्वारांग हे नावही कोरियातल्या जुन्या सिल्ला राज्याच्या तरुण योद्ध्यांवरून आलंय. नवीन मुलाला मी पहिल्या दिवशी लाथ शिकवत नाही. उभं राहायला शिकवतो, मग पाय बदलायला. पुढचा पाय बदलला की वजन बदलतं, समोरच्याला छाती किती दिसते ते बदलतं, आणि मागच्या पायाची लाथ पुढच्या पायाची होते. जी लाथ लांब होती ती जवळची होते. मुलं कंटाळतात, पालक विचारतात की लाथ कधी शिकवणार. पण ज्या मुलाचा पाय बदलताना तोल जातो, त्याच्या लाथेला मॅटवर काही किंमत नसते.

एक पाय उचलून उभं राहणं ही तर फार महाग गोष्ट आहे. त्यात समोरच्याला धमकी असते, पण हलता येत नाही. आमच्याकडे उचललेला पाय वर ठेवायचा तो दोनच कारणांसाठी: एक तर मारायचंय, नाहीतर समोरच्याला मागे सरकवायचंय. दोन्ही नसेल तर पाय खाली.

म्हणून माझं मत निशाचर यांच्या बाजूने.

मधली_लाथ

सर, आदरपूर्वक एक विचारतो. तुमच्या वर्गात नवीन मूल पहिल्याच आठवड्यात खऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभं राहतं का? ऑनलाइन गेममध्ये पहिल्या तासापासून समोर माणूस असतो. त्याला तुमचा तोल पक्का होईपर्यंत थांबायचं नसतं. म्हणून मी बचाव आधी म्हणतो.

प्रशिक्षक_सातारा

हे खरं आहे. वर्गात महिनाभर समोर फक्त पॅड असतं.

तीनताल

मला दोघांचीही मांडणी अर्धीच वाटते. मी तबला वाजवतो, गेम रात्री.

दहा मूव्ह सुटे पाठ करणं म्हणजे धा, तिन्, तिरकिट हे बोल वेगवेगळे घोटणं. निशाचर करताहेत ते म्हणजे प्रत्येक मात्रेवर "मी कितव्या मात्रेवर आहे" हे मोजणं. दोन्ही लागतं, पण वाजवणारा माणूस मोजत नाही. तो कायदा (मूळ रचना) घेतो आणि पलटे (तिचे बदल) करत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो. समेवर येणार हे ठरलेलं असतं, मधे काय करायचं ते मोकळं असतं. स्टान्सचं पात्र तसंच शिकावं. तीन-चार संपूर्ण वाक्यं घ्या, सुरुवात, फ्लेमिंगो, आतला वार, आणि परत दोन पायांवर. ते एकच वाक्य शंभर वेळा. मग त्यातला मधला तुकडा बदला. सम मात्र तीच, दोन पाय जमिनीवर आणि गार्ड तयार. असं केलं की पाय मोठ्याने म्हणावा लागत नाही, हाताला कळतो.

मी शाओयू हे पात्र असंच शिकलो. तिचा फिनिक्स पवित्रा, खाली + १+२. ती इतकी खाली बसते की वरचे वार तर जातातच, मधलेही बरेच डोक्यावरून जातात. नवशिके तिथेच बसून राहतात, कारण तिथे सुरक्षित वाटतं. मग कुणीतरी खालचा वार घालतो. मी ठरवलं की फिनिक्समध्ये गेलो की एकच गोष्ट करायची आणि उठायचं. त्या एकाच वाक्यावर मी तीन रँक चढलो.

मधली_लाथ

तबल्यात समोर बसलेला माणूस तुमचा हात मधेच पकडत नाही, तीनताल. तुमचं वाक्य दुसऱ्या शब्दावर जॅबने तुटतं. तुटल्यावर काय करायचं ते तुमच्या रियाझात कुठे आहे?

तीनताल

जुगलबंदीत तुटतंही. पण मुद्दा रास्त आहे, तुटलेल्या वाक्याचा सराव मी केलेला नाही.

कोळीण

मी झाफिना खेळते, टेकन ७ पासून. तिचे तीन पवित्रे, स्केअरक्रो, मँटिस आणि टॅरँटुला. दोनदा सोडून दिली होती, तिसऱ्यांदा जमली. म्हणून मधली_लाथ यांच्या शेवटच्या प्रश्नावर बोलते, कारण या धाग्यात मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पहिल्या दोन खेपांना मी तेच केलं जे इथे सगळे सांगताहेत. एकदा मूव्हची यादी, एकदा पवित्र्यांचा नकाशा. दोन्ही वेळा अडकले ती एकाच जागी. वार मारला, समोरच्याने अडवला, मी पवित्र्यात शिरले, आणि आता पाळी माझी की त्याची? हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, पवित्र्यात आहे म्हणजे पाळी माझी. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी तो माझ्या आधी मोकळा होत होता. तो घाबरून गार्ड धरायचा म्हणून माझं निभावत होतं. ज्या दिवशी न घाबरणारा भेटला त्या दिवशी मी १० पैकी १० हरले आणि कंट्रोलर ठेवून दिला.

तिसऱ्यांदा मी उलटीकडून शिकले. प्रॅक्टिसमध्ये बाहुल्याला झाफिना केलं, माझ्याच आवडत्या चार स्ट्रिंग रेकॉर्ड केल्या, आणि मी समोर उभी राहिले साधा जॅब घेऊन. प्रत्येक ठिकाणी विचारायचं, इथे जॅब टाकला तर कोण मरतं? एका स्ट्रिंगनंतर माझा जॅब झाफिनाच्या डोक्यावरून गेला, कारण ती खाली वाकली होती. दुसरीनंतर तिला पवित्र्यातच सपाटून लागला. तिसरीनंतर जॅब लागला नाही, पण बाजूला पाऊल टाकलं तर तिचा पुढचा वार सरळ निघून गेला. तासाभरात मला कळलं की माझ्या चारपैकी दोनच स्ट्रिंग खऱ्या आहेत, बाकी दोन समोरच्याच्या भीतीवर चालतात. भीतीवर चालणारं टाकून द्यायचं असं नाही. पण कुठलं कशावर चालतं हे माहीत हवं.

टेकन ८ मध्ये तर हे आणखी सोपं झालंय. हरलेली मॅच रिप्लेला लावायची आणि ज्या क्षणी मार खाल्ला तिथे खेळ आपल्या हातात घ्यायचा. तेच अंतर, तोच पवित्रा, फक्त या वेळी दुसरं बटण. निशाचर, तुमची ती हवेत गेलेली लाथ तिथे जाऊन पुन्हा खेळा.

घाटमाथा

गेममध्येच खोट आहे असं कुणी का म्हणत नाही? एप्रिल २०२५ च्या सीझन २ च्या अपडेटनंतर लोक इतके का चिडले होते? जिकडे तिकडे वरून की खालून, असा जुगार झालाय.

कोळीण

चिडले होते, आणि त्यानंतर तातडीने दुरुस्त्याही आल्या. पण तो वेगळा धागा होईल. जुगार वाटतो तिथेही शिरताना पाळी कुणाची होती हे बघितलं, तर निम्मा जुगार उरतो.

जुनी_पार्लर

कोळीण ताई, आमच्या गल्लीतल्या त्या मुलाने मामाकडे नेमकं हेच केलं असणार. सबंध सुट्टी एडीच्या समोर उभा राहिला असेल.

निशाचर

काल रात्री ते केलं. ती मॅच रिप्लेमध्ये सापडली.

माझा समज होता की पाय चुकला म्हणून हरलो. पुन्हा खेळलो. पाय बरोबर ठेवून, जी मारायची होती तीच लाथ मारली, तरी मार खाल्ला. दहा वेळा केलं, दहाही वेळा मार खाल्ला. आधीची स्ट्रिंग त्याने अडवली होती आणि पाळी त्याची होती. तिथे कुठलीच लाथ बसत नव्हती. अकराव्या वेळी ३+४ नाही, काहीच नाही, फक्त मागे दाबून गार्ड धरला. त्याचा वार अडला, आणि मग दहा फ्रेमचा जॅब आरामात बसला.

@मधली_लाथ, तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर. पण एक माझंही ऐका. गार्ड धरता आला, कारण त्या क्षणी मी फ्लेमिंगोत नाही हे मला माहीत होतं. पट्टी अजून टीव्हीवर आहे, "पाय?" खाली आता "पाळी?" लिहिलंय.

मधली_लाथ

दोन शब्द, चालतील. पण "पाळी?" वर लिहा आणि "पाय?" खाली.

निशाचर

ते नाही करणार. रविवारी रात्री दहाला पाच मॅच खेळू. तुम्ही काझुया घ्या, मी ह्वारांग. रिप्ले इथेच टाकतो, कोळीण ताईंनी बघून सांगावं.

कोळीण

टाका. दोघांचेही बघते.