४.७ गिगाहर्ट्झवर खेळ मध्येच बंद पडतो: व्होल्टेज कमी पडते आहे की रॅमचे एक्सएमपी नडते आहे?

नमस्कार. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, माझा हा पहिलाच प्रयत्न असून तो बराचसा साधला आहे, परंतु शेवटच्या टप्प्यावर अडलो आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा, ही विनंती.

प्रोसेसर इंटेलचा कोअर आय५-८६००के, म्हणजे ६ कोअर आणि ६ थ्रेडचा आहे. सर्व कोअरवर भार आला की तो मुळात ४.१ गिगाहर्ट्झवर चालतो. बोर्ड झेड३७० चिपसेटचा, कूलर १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर आणि रॅम १६ जीबी डीडीआर४, ३००० च्या वेगाची आहे. १०८० पिक्सेलच्या, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळताना शहरातील गर्दीच्या दृश्यांत ग्राफिक्स कार्डाचा वापर ६५ ते ७० टक्क्यांवर घुटमळत असे आणि त्याच वेळी सहाही कोअर ९५ टक्क्यांच्या पुढे असत. कार्ड प्रोसेसरची वाट पाहत थांबते आहे, हे त्यावरून उघड झाले. कार्डच पूर्ण क्षमतेने राबत असते, तर मी प्रोसेसरला हातही लावला नसता.

बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर ४५, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या ४५ पट किंवा ४.५ गिगाहर्ट्झ, आणि व्होल्टेज १.२५ ठेवले, तेव्हा सारे सुरळीत होते. मग मल्टिप्लायर ४७ आणि व्होल्टेज १.२८ केले आणि सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी सलग दहा वेळा अडखळल्याशिवाय पूर्ण झाली. त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आले की रॅम इतके दिवस २१३३ वरच चालत होती, म्हणून एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, हीही चालू केली. दोन बदल एकाच दिवशी करायला नको होते, हे आता कळते आहे.

त्यानंतर सुमारे ४० मिनिटांनी खेळ कोणताही संदेश न देता बंद झाला आणि समोर नुसता डेस्कटॉप उरला. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून पाहिले, तर हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, इव्हेंट आयडी १९ असलेल्या तीन नोंदी ओळीने दिसल्या. तिन्हींत प्रोसेसर कोअर आणि ‘इंटर्नल पॅरिटी एरर’ असा उल्लेख होता. या चुका प्रोसेसरने स्वतःच दुरुस्त केल्या असे नोंद सांगते, परंतु ज्या अर्थी दुरुस्तीची वेळ आली, त्या अर्थी कुठेतरी काठावर काम चालले आहे, असे मी समजतो.

व्होल्टेज १.३३ केल्यावर दोन संध्याकाळी एकही नोंद आलेली नाही. खेळताना तापमान ७४ अंशांपर्यंतच जाते, मात्र प्राइम९५ ही ताण देणारी चाचणी एव्हीएक्ससह (प्रोसेसरवर जास्त भार टाकणाऱ्या सूचनांसह) लावल्यास चारच मिनिटांत ते ९६ अंशांवर पोहोचते, आणि या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते, हे धरून हिशेब केला, तर १.२५ व्होल्टच्या ४.५ वरून १.३३ व्होल्टच्या ४.७ वर जाताना वेग साडेचार टक्क्यांहून कमी वाढतो आणि उष्णता मात्र सुमारे १८ टक्क्यांनी वाढते.

माझा पहिला प्रश्न, ही चूक नेमकी कुठून उद्भवते, हा आहे. पॅरिटी एरर कोअरमधली असल्याने व्होल्टेज अपुरे पडले असावे, असा माझा कल आहे. परंतु मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो आणि एक्सएमपी चालू करताच बोर्डाने सिस्टिम एजंटचे (प्रोसेसरमधल्या, मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचे) व्होल्टेज आपणहून वाढवले, ही बाब मला खटकते. मेमटेस्ट८६ या रॅमच्या चाचणीच्या चारही फेऱ्या निर्दोष निघाल्या. आता एक्सएमपी बंद करून, ४.७ आणि १.२८ याच मांडणीवर तोच खेळ तासभर चालवून पाहणे पुरेसे ठरेल का?

दुसरा प्रश्न लोड-लाइन कॅलिब्रेशनचा, म्हणजे भाराखाली होणारी व्होल्टेजची घसरण रोखणाऱ्या सेटिंगचा. बायोसमध्ये १.२८ ठेवलेले असताना पूर्ण भाराखाली एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १.२३ च्या आसपास आकडा दिसत होता. खरी अडचण ही घसरणच असेल, तर मूळ आकडा १.३३ पर्यंत नेण्याऐवजी कॅलिब्रेशन एक पायरी कडक करणे बरे का? कोणत्या बोर्डावर पहिली पायरी कडक आणि कोणत्यावर शेवटची, याचा एकच नियम नाही, म्हणून अंदाजाने बदल करण्याचे मी टाळले आहे. एव्हीएक्स ऑफसेट २ (एव्हीएक्सच्या सूचना आल्यास मल्टिप्लायर २ ने उतरवणे) ठेवण्याचाही विचार केला, परंतु अनेक नवे खेळ एव्हीएक्सच्या सूचना वापरतात. तेव्हा ऐन खेळातच वेग ४.५ वर उतरणार असेल, तर त्याचा उपयोग काय?

एकाच दृश्यातील माझी मोजमापे अशी: मूळ स्थितीत दर सेकंदाला सरासरी ७८ फ्रेम आणि सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा ५१, नुसत्या ४.५ वर ८३ आणि ५४, ४.७ आणि एक्सएमपी एकत्र असताना ९१ आणि ६६. गर्दीत जाणवणारे झटके कमी झाले, त्याचे श्रेय बहुधा रॅमचे आहे. ४.५ आणि एक्सएमपी ही जोडी मी अजून मोजलेली नाही. ती आज रात्री मोजून आकडे इथेच लिहितो, आणि ते ९१ व ६६ च्या जवळ आले, तर ४.७ चा नाद सोडावा की कसे, याविषयी आपले मत हवे आहे.