आनंदीबाईंची फक्त पदवीच सांगायची का?

घोडबंदरची_आई: काल इथे कुणीतरी लिहिलं, चौथीच्या मुलांना आनंदीबाई जोशी सांगताना "डॉक्टर झाल्या एवढंच सांगा, बालविवाह, गेलेलं बाळ नको, मुलं घाबरतात". डोकंच फिरलं! नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, म्हणून तर बाई डॉक्टर व्हायला निघाली. ते गाळलं की काय उरतं? १८८६ साली पदवी, टाळ्या, पुढचा धडा. बाई कल्याणची, हे कळल्यावर माझी लेक विचारते, "स्लो लोकलने जायची का?" म्हणजे आता ती तिला खरी वाटायला लागली.

खारघर_पालक: ते मीच लिहिलं. नऊ वर्षांच्या मुलीला नऊ वर्षांच्या नवरीची गोष्ट सांगून बघा ताई. माझी मध्यरात्री उठून विचारत होती, "माझं लावणार नाही ना?" आणि गोपाळराव मारायचे, तेही सांगणार का?

घोडबंदरची_आई: सांगणार. तिनेच पत्रात लिहिलंय. शिकवणारा नवराही तोच, मारणाराही तोच. पोरांना कळतं हो, आपल्यालाच अवघड जातं.

नौपाड्याचा_नाना: ते राहू दे. आधी ३ जानेवारीची वेशभूषा बंद करा! निम्मा वर्ग सावित्रीबाई, निम्मा झाशीची राणी. नातीच्या वर्गातल्या एकीला विचारलं, सावित्रीबाईंनी शाळा कुठे काढली? म्हणे, "आमचीच." भिडेवाडा, १८४८, कुणाला पत्ता नाही. आडवं कुंकू मात्र अगदी बरोबर.

ऐरोलीकर: आणि भाड्याची नऊवारी! पिनेने जरा फाटली तर डिपॉझिट गिळलं दुकानदाराने.

दिघा_बाबा: तुमचं डिपॉझिट गेलं, माझ्या मुलाला नाटकात शेण मारणारा केला. घरी येऊन रडला. जोतिबा कुणाला केला? वर्गाच्या बाईंच्या भाच्याला.

निवृत्त_शिक्षिका: शाळेला नावं ठेवणं सोपं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढला. वेशभूषा नाही ठेवली की फोटो नाहीत म्हणून पालकच भांडायला येतात. आलात ना तुम्हीही?

दिघा_बाबा: मी शेणासाठी आलो होतो बाई.

कळव्याचा_कॉम्रेड: १९४५ साली याच ठाणे जिल्ह्यात गोदावरी परुळेकर वारल्यांची वेठबिगारी मोडायला उभ्या राहिल्या. त्यांची वेशभूषा पाहिलीय कुणी?

नौपाड्याचा_नाना: आला लाल बावटा! आणि वारल्यांचं ते तलासरी, डहाणू पालघर जिल्ह्यात.

कळव्याचा_कॉम्रेड: २०१४ पासून, काका. १९४५ ला पालघर जिल्हा तुम्ही पाहिला होतात का?

नौपाड्याचा_नाना: वयावर जाऊ नका!!

खारघर_पालक: मूळ विषयाचं लोणचं झालंच आहे, म्हणून सांगतो. बाळाचं सांगा, ठीक. मारहाण आठवीत. रात्री लेक उठली तर मला फोन करू नका.

घोडबंदरची_आई: उपकार झाले. आठवीत मुलं ऐकतात का कुणाचं?

ऐरोलीकर: सहा वर्षांच्या मुलीच्या मापाची नऊवारी आहे का कुणाकडे? उद्या सकाळी हवीय. डिपॉझिट देणार नाही.