नागपुरातून न्यूयॉर्कची पाळी: लॅपटॉपवर टाइम झोन कुठला ठेवावा?

मिहानी_रातकिडा
कामाच्या लॅपटॉपवर भारताची वेळ ठेवण्यात काय हशील, हा माझा सवाल. पाळी न्यूयॉर्कच्या 9 ते 5 ची. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी 6:30 ते रात्री 2:30, आणि तिकडचा हिवाळा लागला की 7:30 ते 3:30. मेल, तिकिटं (गिऱ्हाइकांच्या तक्रारींच्या नोंदी), डेडलाइन सगळं तिकडच्या वेळेत बोललं जातं. "आज संध्याकाळपर्यंत" म्हणजे त्यांची संध्याकाळ. दर वेळी साडेनऊ की साडेदहा तास, हे डोक्यात करत बसलं की रात्री दोनला तो अर्धा तास हमखास निसटतो. झोन न्यूयॉर्कचा केला की ब्राउझरसकट सगळं एका वेळेत दिसतं, कारण बऱ्याच वेबसाइटी ऑपरेटिंग सिस्टीमचाच झोन वाचतात. फोन राहू द्या नागपूरच्या वेळेवर.

धरमपेठी
साफ असहमत. तास सोपे होतात, तारीख बिघडते. आपल्याकडे मंगळवारचे पहाटेचे 2 वाजले असताना तुमचा लॅपटॉप सोमवार दुपारचे 4:30 म्हणतो. 1 एप्रिलला पहाटे 1 वाजता बिल बनवलं आणि एक्सेलमध्ये 'आजची तारीख' देणारं सूत्र असलं, तर त्यावर 31 मार्च येतो. आर्थिक वर्षच बदललं नं! बरं, एक्सेलच्या सेलमध्ये तारीख-वेळ म्हणजे नुसता आकडा, त्याला झोन चिकटलेला नसतो. ती वेळ कुठली होती हे महिन्याभरानं कोणी सांगू शकत नाही.
विंडोजमध्ये 'ॲडिशनल क्लॉक्स' आहेत, आणखी दोन घड्याळं लागतात. एक न्यूयॉर्कचं लावा, टास्कबारच्या घड्याळावर माउस नेला की दिसतं. झोन काहून बदलायचा बाप्पा?

मिहानी_रातकिडा
ते जादा घड्याळ फक्त 'आत्ता' किती वाजले ते सांगतं. परवाच्या मेलवरची वेळ किंवा तिकिटाचा इतिहास ते बदलून दाखवत नाही, आणि खरी गडबड तिथंच होते. तारखेचं म्हणाल तर हजेरीचं पोर्टल नीट बनवलेलं असेल तर तिथं तारीख सर्व्हर टाकतो, लॅपटॉप नाही. एक्सेलचा मुद्दा मान्य. बिलावर तारीख हातानं टाका.

शून्य_मैल
वादात पडत नाही, पण जो झोन ठेवाल तो यादीतून नीट निवडा. अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथंच असतं.
सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम. आधी 'सेट टाइम झोन ऑटोमॅटिकली' बंद करा. ते चालू राहिलं तर लोकेशन बघून विंडोज झोन पुन्हा बदलू शकतं. नागपूर यादीत नाही, शोधू नका. '(यूटीसी+05:30) चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' हाच आपला. यूटीसी म्हणजे जगाची प्रमाण वेळ, आपण तिच्या साडेपाच तास पुढं. यादीत जवळच श्रीलंकेचा श्री जयवर्धनेपुरा आहे, तोही +05:30. आज फरक पडणार नाही, पण श्रीलंकेनं 1996 ते 2006 या काळात वेगळी वेळ वापरली होती. त्या काळातल्या नोंदी त्या झोननं चुकू शकतात.
न्यूयॉर्कसाठी 'ईस्टर्न टाइम (यूएस अँड कॅनडा)'. त्याच -05:00 च्या घोळक्यात बोगोटा, लिमा, क्विटो पण आहे. हिवाळ्यात दोन्हींची वेळ एकच, त्यामुळे चूक कळत नाही. मार्चमध्ये न्यूयॉर्क एक तास पुढं जातं, लिमा जागेवर. दुसरं, ईस्टर्नपुढं जुलैतही -05:00 च लिहिलेलं असतं. ते पाहून घाबरून दुसरा झोन निवडू नका. डेलाइट सेव्हिंगचं (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं नेण्याचं) बटण तेवढं चालू आहे ना पाहा. भारताच्या झोनला हा प्रकारच नाही.
लिनक्सवाल्यांनो, 'अमेरिका/न्यूयॉर्क' असं शहराचं नाव घ्या. 'ईटीसी/जीएमटी+5' घेऊ नका. त्यातली चिन्हं उलटी असतात: +5 म्हणजे ग्रिनिचच्या मागे पाच तास, आणि उन्हाळ्यात ते हलतही नाही.

काटा_सरळ
यात एक भर. काही जण झोनला हात न लावता घड्याळच साडेनऊ तास मागे सरकवतात. हे कदापि करू नका. झोन बदलल्यानं आतली यूटीसी वेळ तीच राहते. घड्याळ सरकवलं की तीच खोटी होते. मग वेबसाइटचं नुकतंच काढलेलं सुरक्षा प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' म्हणून ती उघडत नाही. दर 30 सेकंदांनी बदलणारा लॉगिन कोड त्याच यंत्रावर तयार होत असेल तर तो नाकारला जातो. ऑफिसच्या डोमेनला (लॉगिन तपासणाऱ्या नेटवर्कला) तर मुळात 5 मिनिटांचाच फरक चालतो. आधी 'सिंक नाऊ' दाबून वेळ सरळ करा, मग झोन कुठला यावर भांडा.

बर्डीवाली
भांडण लॅपटॉपच्या झोनचं नाहीच राजेहो, ते मीटिंगच्या झोनचं आहे. दर आठवड्याची मीटिंग ज्या झोनमध्ये बनली, त्याला ती बांधलेली राहते. हिवाळ्यात नागपूरच्या झोनमध्ये 7:30 ला लावलेली मीटिंग न्यूयॉर्कला सकाळी 9 ला पडते. तिकडं घड्याळं पुढं गेली की आपली 7:30 कायम, त्यांची मात्र 10. 2026 मध्ये अमेरिका 8 मार्चला बदलते, युरोप 29 मार्चला. मीटिंग न्यूयॉर्कच्या वेळेला बांधलेली असेल आणि लंडनवाला पण तिच्यात असेल, तर मधले तीन आठवडे त्याचाही तास सरकतो. शरदात युरोप 25 ऑक्टोबरला आणि अमेरिका 1 नोव्हेंबरला, म्हणजे तेव्हा एकच आठवडा गोंधळ.
उपाय यंत्रावर नाही, नोंदीवर. गूगल कॅलेंडरमध्ये मीटिंग बनवताना वेळेशेजारी 'टाइम झोन' येतं, तिथं ईस्टर्न निवडा. सेटिंग्जमध्ये दुसरा झोन दाखवायची सोय आहे, ती चालू केली की डावीकडं दोन वेळांचे रकाने दिसतात. आमंत्रणात 'ईएसटी' (ती तिकडची फक्त हिवाळ्यातली वेळ) लिहू नका, 'न्यूयॉर्क वेळ' लिहा.

मिहानी_रातकिडा
हेच तर माझ्या बाजूचं झालं! लॅपटॉप आणि कॅलेंडर न्यूयॉर्कवर असेल तर नवी मीटिंग आपोआप तिकडच्याच वेळेला बांधली जाते. दर वेळी कोण आठवणीनं झोन निवडून राहिलं?

धरमपेठी
आणि मग नागपूरच्याच चौघांची संध्याकाळी 6:30 ची मीटिंग पण तिकडच्याच वेळेला बांधली जाते. 1 नोव्हेंबरनंतर ती 7:30 ला जाते, अमेरिकेतलं कोणी तिच्यात नसताना. रोजचा आपोआप चालणारा बॅकअप लॅपटॉपवर पहाटे 2:30 ला लावला असेल तर 8 मार्चला न्यूयॉर्कमध्ये 2:30 वाजतच नाहीत. 2 वरून थेट 3.

शून्य_मैल
ती 2 ची उडी आपल्याकडं रविवारी दुपारी 12:30 ला पडते. निदान कोणी कामावर तरी नसतं.

फुटाळा_फेरी
गिऱ्हाईक फिनिक्सचं असेल तर?

बर्डीवाली
मग सुटलात. ॲरिझोनात बहुतेक ठिकाणी घड्याळं बदलतच नाहीत, वर्षभर साडेबारा तास. फक्त विंडोजमध्ये 'ॲरिझोना' हाच झोन घ्या, शेजारचा 'माउंटन टाइम' नको. आणि त्यांच्या टीममध्ये डेन्व्हरचं (तिथं घड्याळं बदलतात) कोणी आहे का, ते आधी विचारा.