मोबाइल अ‍ॅपमध्ये पुढच्या स्क्रीनला आख्खं ऑब्जेक्ट (नोंदीची सगळी माहिती) द्यायचं की नुसता आयडी (तिचा ओळख क्रमांक)?

आयडीपुरे (धागाकर्ता)
कोड रिव्ह्यूत हा वाद परत परत निघतो म्हणून एकदाचं इथे मांडतोय. माझं म्हणणं असं की लिस्टवरून डिटेल स्क्रीनला जाताना फक्त आयडी पाठवायचा, बाकीचं त्या स्क्रीनने स्वतः आणावं, रिपॉझिटरीतून (डेटा आणून देणारा कोडचा थर) आणा नाहीतर लोकल डेटाबेसमधून. आख्खं ऑब्जेक्ट पाठवलं की ती त्या क्षणाची झेरॉक्स असते. लिस्टमध्ये ऑर्डर पेंडिंग होती, तेवढ्यात सर्व्हरवर कॅन्सल झाली, डिटेल स्क्रीन आपली पेंडिंगच दाखवत बसलीये आणि वर पेमेंटचं बटणही चालू. उलटही होतं, डिटेलमध्ये नाव बदललं आणि मागे आलं की लिस्टमध्ये जुनंच नाव.
आणि अँड्रॉइडवाल्यांनो, इंटेंटमधला (पुढची स्क्रीन उघडायला सिस्टमला दिलेल्या निरोपातला) डेटा बाइंडरमधून (प्रोसेसमधल्या देवाणघेवाणीची वाट) जातो, त्याचा बफर आख्ख्या प्रोसेसला मिळून 1 एमबीच्या आसपास आहे, तोही चालू असलेल्या सगळ्या ट्रान्झॅक्शन्समध्ये वाटला जातो. त्यात मोठी लिस्ट किंवा बिटमॅप कोंबणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.

फडफडविजेट
साफ असहमत. अँड्रॉइडचं दुखणं सगळ्यांच्या गळ्यात कशाला मारता राव? फ्लटरमध्ये (एकाच कोडवरून अँड्रॉइड-आयओएस अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क) कन्स्ट्रक्टरला ऑब्जेक्ट दिलं की ते त्याच मेमरीतलं ऑब्जेक्ट असतं, कुठे सिरियलाइज (साठवता-पाठवता येईल असं रूपांतर) होत नाही की बाइंडर नाही की काही नाही. आयओएसवर पण क्लासचा ऑब्जेक्ट असेल तर तेच.
आणि यूजरचं काय? लिस्टमध्ये नाव, फोटो सगळं समोर दिसत होतं, टॅप केलं तर कोरी स्क्रीन आणि त्यावर गोल फिरणारा लोडर. जी माहिती हातात होती ती टाकून देऊन परत नेटवरून मागवायची, नेट स्लो असेल तर बसा बघत. त्याला काय सांगायचं, आमचं आर्किटेक्चर फार सोवळं आहे म्हणून?
शिवाय आयडी म्हणजे नुसती स्ट्रिंग, ऑर्डरच्या जागी यूजरचा आयडी गेला तरी कंपायलर तोंडातून शब्द काढत नाही.

आयडीपुरे
लोडर आयडीमुळे दिसत नाही हो, कॅश नाही म्हणून दिसतो. लिस्ट आणली तेव्हा डेटाबेसमध्ये लिहिली असेल तर डिटेल स्क्रीनला ती लगेच मिळते, मागून ताजी आली की आपोआप बदलते, आणि लिस्टही तिथूनच वाचत असेल तर दोन्हीकडे एकच सत्य. स्ट्रिंगचं म्हणाल तर आयडीला वेगळा टाइप करा ना, कोण अडवतंय. कंपोज नेव्हिगेशनमध्ये (अँड्रॉइडची स्क्रीन बदलायची लायब्ररी) तर 2024 सालच्या 2.8 पासून रूट (स्क्रीनचा पत्ता) म्हणून सरळ सिरियलाइझेबल क्लास देता येतो, स्ट्रिंगा जोडत बसायचे दिवस गेले.

कॅशकुठाय
"कॅश असेल तर" हे म्हणायला सोपंय. छोटं अ‍ॅप, लोकल डेटाबेस नाही, सर्च रिझल्ट पानापानाने येतात, आणि मुख्य म्हणजे सर्व्हरवर एकाच आयटमचा एंडपॉइंटच (तो मागवायचा पत्ता) नाही! बाहेरच्या कंपनीची एपीआय, ती लिस्टच देते. आता आयडी घेऊन डिटेल स्क्रीनने काय आरती ओवाळायची का?
दुसरं, तीन पायऱ्यांचा फॉर्म घ्या. रेकॉर्ड अजून सेव्हच झालेलं नाही, म्हणजे आयडी जन्मालाच आलेला नाही. तिथे काय पाठवू?

प्रोसेसमारी
मी टेस्टिंगला आहे त्यामुळे मला तुमच्या शुद्धाशुद्धतेशी घेणंदेणं नाही, मी फक्त अ‍ॅप मारून बघते. या वादात तिसरा एक पंथ आहे जो बोलत नाही पण कोडमध्ये सगळीकडे सापडतो, सिंगलटनमध्ये (आख्ख्या प्रोसेसमध्ये एकच असणारं, मेमरीतलं ऑब्जेक्ट) "निवडलेला आयटम" ठेवायचा आणि पुढच्या स्क्रीनने तो उचलायचा. ना आयडी ना ऑब्जेक्ट. यूजर अ‍ॅप बॅकग्राउंडला टाकतो, कॅमेरा वगैरे उघडतो, मेमरी कमी पडली की सिस्टम प्रोसेस मारते. परत आल्यावर अँड्रॉइड वरची स्क्रीन पुन्हा उभी करतं, इंटेंटमधलं सगळं परत देतं, पण सिंगलटन रिकामा. नल पॉइंटर, क्रॅश.
आणि डेव्हलपर ऑप्शन्समधलं "डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज" चालू करून "आम्ही टेस्ट केलंय" म्हणणाऱ्यांनो, त्याने फक्त अ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे स्क्रीन) मरते, प्रोसेस जिवंतच असते, म्हणजे तुमचा सिंगलटनही ठणठणीत. खरं बघायचं तर अ‍ॅप बॅकग्राउंडला टाका, एडीबीवरून (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं टूल) एएम किल ही प्रोसेस मारायची कमांड द्या आणि रिसेंट्समधून परत उघडा.
फडफडविजेट, फ्लटर यातून सुटलेलं नाही. स्टेट रिस्टोरेशन (आधीची स्थिती परत आणणं) मुद्दाम लावलं नसेल तर तिथे क्रॅश होत नाही एवढंच, यूजर गुपचूप पहिल्या स्क्रीनवर फेकला जातो.

बॅकस्टॅककर
+1. त्या 1 एमबीबद्दल थोडी भर घालतो, कारण लोकांना वाटतं की मोठा डेटा पाठवला की तिथल्या तिथे क्रॅश होईल. फ्रॅगमेंटमध्ये (अ‍ॅक्टिव्हिटीच्या आतली सुटी स्क्रीन) तसं होत नाही. आर्ग्युमेंट्स (तिला दिलेला डेटा) देताना काहीच बिघडत नाही, ती बॅकस्टॅकमध्ये (मागे उघडलेल्या स्क्रीन्सची चळत) साठत जातात, आणि यूजरने होम बटण दाबलं की सगळ्या फ्रॅगमेंट्सची आर्ग्युमेंट्स मिळून सेव्हड स्टेट म्हणून सिस्टमकडे जातात. तेव्हा फुटतं. क्रॅश रिपोर्टमध्ये तुमच्या कोडची एक ओळ नसते, बसा शोधत. अँड्रॉइड 7 च्या आधी तर हे नुसतं लॉगमध्ये वॉर्निंग देऊन गप्प बसायचं, 7 पासून एक्सेप्शन यायला लागलं. गूगलचाच सल्ला सेव्हड स्टेट 50 केबीच्या आत ठेवा असा आहे.

लिंकवाली
मला क्रॅशपेक्षा नोटिफिकेशनचा मुद्दा मोठा वाटतो. पुश आलं की त्यात काय असतं? आयडी. शेअर केलेल्या लिंकमध्ये? आयडीच. म्हणजे नुसत्या आयडीवरून उभं राहणं त्या स्क्रीनला आज ना उद्या शिकायचंच आहे. मग ऑब्जेक्टवाला दुसरा रस्ता ठेवलात तर दोन रस्ते सांभाळा, आणि बग नेहमी त्यातच निघतो ज्यावरून तुम्ही रोज जात नाही. रिअ‍ॅक्ट नेव्हिगेशनच्या (रिअ‍ॅक्ट नेटिव्हची स्क्रीन बदलायची लायब्ररी) डॉक्समध्ये पण हेच लिहिलंय, पॅरॅम्सकडे (स्क्रीनला दिलेला डेटा) यूआरएलसारखं बघा, यूजरचा आयडी द्या, यूजर ऑब्जेक्ट नको. फ्लटरच्या गो-राउटर या स्क्रीन बदलायच्या पॅकेजमधल्या "एक्स्ट्रा"त ऑब्जेक्ट टाकून वेबवर रिफ्रेश मारून बघा एकदा, कोडेक (ऑब्जेक्टचं रूपांतर करणारा कोड) दिला नसेल तर एक्स्ट्रा गायब.

फडफडविजेट
आमच्या अ‍ॅपला डीप लिंकच (थेट आतली स्क्रीन उघडणारी लिंक) नाहीये. वेबही नाही.

लिंकवाली
मार्केटिंगवाल्यांना अजून सुचलं नसेल :)

फडफडविजेट
बरं, समजा सुचलं. तरी मी हातातली माहिती फेकून देणार नाही. आयडी सक्तीचा आणि सोबत ऐच्छिक प्रिव्ह्यू, म्हणजे नाव आणि थंबनेल एवढंच. लिस्टवरून आलात तर पहिल्याच फ्रेमला ते दिसेल, लिंकवरून आलात तर लोडर. आता बोला.

आयडीपुरे
हे मला चालेल, पण अटीवर. प्रिव्ह्यू फक्त चित्र काढायला, निर्णय घ्यायला नाही. स्टेटस, रक्कम, परवानगी असलं काही त्यात आलं की कोणीतरी त्यावर बटण चालू-बंद करणार आणि आपण परत त्या पेंडिंग ऑर्डरपाशी. नाव शिळं दिसलं तर अर्ध्या सेकंदात बदलेल, कोणाचं काही जात नाही.
कॅशकुठाय, फॉर्मचा मुद्दा मान्य. पण तिथेही मी ऑब्जेक्ट स्क्रीन टू स्क्रीन ढकलणार नाही, तिन्ही पायऱ्यांचा मिळून एक व्ह्यूमॉडेल (स्क्रीनचा डेटा सांभाळणारा क्लास), त्या फ्लोच्या ग्राफला (त्या स्क्रीन्सच्या गटाला) बांधलेला, आणि मसुदा डिस्कवर. एपीआयच लिस्ट देत असेल तर मात्र इलाज नाही, द्या ऑब्जेक्ट, पण छोटं द्या.

कॅशकुठाय
मसुदा डिस्कवर म्हणजे पुन्हा डेटाबेसच की. फिरून तिथेच आणलंत. मी छोटं ऑब्जेक्टच देणार.

नवखा
मध्ये पडतोय, पण सगळे पुढे पाठवण्याबद्दलच बोलताय. मागे कसं आणायचं? पत्ता निवडायची स्क्रीन उघडली, निवडला, मागच्या स्क्रीनला द्यायचा. मी पॅरॅममध्ये कॉलबॅक फंक्शन दिलं तर रिअ‍ॅक्ट नेव्हिगेशनने नॉन-सिरियलाइझेबलची वॉर्निंग दिली. चालतंय तर आहे. वॉर्निंग बंद करून टाकू का?

प्रोसेसमारी
नको!! फंक्शन सेव्ह होत नाही, स्टेट परत आणताना ते नसणार.

बॅकस्टॅककर
रिअ‍ॅक्ट नेव्हिगेशनचं व्हर्जन 7 असेल तर पॉप-टू (मागच्या स्क्रीनवर परत नेणारं फंक्शन) वापर, त्यात मागच्या स्क्रीनला पॅरॅम्स देता येतात, तिथेही पत्त्याचा आयडीच दे. अँड्रॉइडला फ्रॅगमेंट रिझल्ट, किंवा मागच्या बॅकस्टॅक एंट्रीचा सेव्हड स्टेट हँडल (जपून राहणाऱ्या की-व्हॅल्यू जोड्या), पण वाचून झाल्यावर ती की काढून टाक, नाहीतर स्क्रीन फिरवली की तोच पत्ता पुन्हा निवडला गेल्यासारखा येतो.

फडफडविजेट
यात फ्लटर सरस आहे हे आता कबूल करा, पुशला (पुढची स्क्रीन उघडणारं फंक्शन) अवेट (उत्तराची वाट बघ) लावायचं आणि पॉप करताना (ती बंद करताना) व्हॅल्यू द्यायची, संपलं. फक्त एक, यूजरने नुसतं बॅक दाबलं की नल येतो आणि "पत्ता काढून टाका" यालाही तू नलच वापरलास तर दोन्हीत फरक करता येत नाही, त्यामुळे काढण्यासाठी वेगळी व्हॅल्यू ठेव.